शाळेच्या लायब्ररीचं रेनोव्हेशन: आर्किटेक्टने मुलांना काय दाखवावं आणि मुख्य म्हणजे कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शाळेची जुनी लायब्ररी नव्याने करायची ठरलीय, आर्किटेक्ट नेमलेत, काम पूर्ण झाल्यावर ते मुलांसमोर तासभर येऊन आपलं काम दाखवणार आहेत, तर त्या तासात काय असावं, लहान-मोठ्या मुलांना किती समजेल आणि मुलांकडून आधी सूचना मागवाव्यात का. शाळांच्या लायब्ररींची कामं मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक सांगतो, तो तास शेवटी ठेवू नका. बाकी काही पटलं नाही तरी चालेल पण एवढं करा. काम झाल्यावर आर्किटेक्ट येतात, आधीचे फोटो नंतरचे फोटो दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि संपलं, कारण तेव्हा बदलण्यासारखं काही राहिलेलंच नसतं, मुलांना विचारण्यासारखं आणि आर्किटेक्टला ऐकण्यासारखंही काही राहिलेलं नसतं. ड्रॉइंग अजून पेन्सिलमध्ये आहे, आर्किटेक्ट दोन पर्यायांमध्ये अडकलाय, कपाटं कुठे जाणार ते ठरलेलं नाही, अशा वेळी मुलांना आत घ्या. मुलांना तयार खोली रोजच बघायला मिळणार आहे, ती दाखवायला आर्किटेक्टची गरज नाही. आर्किटेक्टकडे दाखवण्यासारखं जे खरं आहे ते म्हणजे एखादी गोष्ट ठरते कशी, आणि ते फक्त ठरत असतानाच दिसतं.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, म्हणजे मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. शाळांमध्ये जे चालतं ते बहुतेक या तीन पायऱ्यांवरच असतं, चित्रकला स्पर्धा घ्यायची ‘माझी स्वप्नातली लायब्ररी’ म्हणून, चित्रं भिंतीवर लावायची, आर्किटेक्टने त्यांच्यासमोर फोटो काढायचा आणि प्लॅन आधी होता तोच राहायचा. मुलांना हे लगेच कळतं. पुढच्या वेळी विचारलं तर ती मनापासून उत्तरं देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून आर्किटेक्टबरोबर पहिल्याच मीटिंगमध्ये बसून कोणते निर्णय खरंच खुले आहेत आणि कोणते नाहीत याची यादी करा. कॉलम हलणार नाही, बाहेर पडायचा रस्ता अडणार नाही, व्हीलचेअर फिरायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा सुटणारच, वायरिंग नियमाप्रमाणेच होणार, या गोष्टी मुलांना स्पष्ट सांगायच्या की हे ठरलेलं आहे आणि का ठरलेलं आहे. मुलं ‘का’ ऐकून घेतात, चांगलं ऐकतात. बसायची जागा कुठे, पुस्तकं कोणत्या क्रमाने, गोष्ट ऐकायचा कोपरा खिडकीजवळ की आत, कुठे शांत आणि कुठे बोलायला परवानगी, असे निर्णय खुले ठेवा आणि जे खुले म्हणून सांगाल ते खरोखर खुले ठेवा.

आता विचारायचं कसं. ‘तुम्हाला कशी लायब्ररी हवी’ असं विचारू नका. हा प्रश्न विचारला की घसरगुंडी येते, मत्स्यालय येतं, झाडावरचं घर येतं, कारण मुलांनी लायब्ररीबद्दल कधी असा विचार केलेला नसतो आणि समोरच्याला मजेदार उत्तर हवंय असं त्यांना वाटतं. त्याऐवजी त्यांना आत्ताच्या खोलीत घेऊन जा आणि साधं विचारा, इथे तू कुठे बसतोस, का बसतोस, कोणत्या कोपऱ्यात कधीच जात नाहीस, कोणतं पुस्तक शोधताना सापडलं नाही, वरच्या कप्प्यातलं हवं असेल तर काय करतोस. या प्रश्नांच्या उत्तरांतून प्लॅन बदलतो. एकदा लहान मुलींच्या एका गटाने सांगितलं की आम्ही आत येतच नाही कारण दारासमोरच मोठ्या मुलांचं टेबल आहे आणि त्यांच्यामधून जावं लागतं. ही गोष्ट कुठल्याही मोजमापात दिसली नसती, आणि ती कळल्यावर टेबल हलवण्यापलीकडे काही करावंच लागलं नाही.

त्यानंतर मोजमाप. खोलीचं मोजमाप आर्किटेक्ट तसंही घेणारच असतो, ते मुलांसोबत घेऊ दे, दोन तास जास्त जातील पण जाऊ देत. टेप कसा धरायचा, कर्ण का मोजायचे (जुन्या खोल्या काटकोनात असतातच असं नाही, दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर खोली तिरकी आहे हे मुलांना स्वतः शोधू दे), खिडकीची सिल म्हणजे खालची कड जमिनीपासून किती वर, बीम किती खाली. पुस्तकंसुद्धा मोजायची, नगावर नाही तर लांबीवर. साधारण एका मीटर फळीवर मोठ्या मुलांची तीसेक पुस्तकं बसतात आणि पातळ चित्रपुस्तकं साठ-पासष्ट बसतात, आणि फळी कधीच पूर्ण भरायची नसते, पाऊण भागच भरायची, नाहीतर पुस्तक काढताना त्याची पाठ फाटते आणि नवीन पुस्तकाला जागा राहत नाही. हे मोजायच्या आधी ग्रंथपालांनी जुनी फाटकी, कालबाह्य पुस्तकं बाजूला काढलेली असली पाहिजेत, कारण न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी कपाटं करणं म्हणजे मुलांच्या बसायच्या जागेवर ती कपाटं उभी करणं आहे. मला विचाराल तर अर्ध्याअधिक शाळांमध्ये रेनोव्हेशनचं सगळ्यात उपयोगी काम हेच असतं, आणि दुसरं म्हणजे खिडक्यांसमोर वर्षानुवर्षं उभी असलेली उंच कपाटं तिथून हलवणं.

खिडकीवरून उजेडाचा विषय निघतो आणि हा विषय मुलांना फार आवडतो कारण तो त्यांना स्वतः बघता येतो. बाजूच्या खिडकीतून येणारा दिवसाचा चांगला उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत पोचतो, म्हणजे वरची कड २.४ मीटरवर असेल तर पाच-सहा मीटर, त्याच्या पुढे दिवा लागतोच. फोनवरच्या लक्स मीटरचं (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) माप काटेकोर नसतं पण तुलनेला पुरतं, मुलांना खिडकीपासून मीटर-मीटरवर आकडे लिहायला लावा आणि प्लॅनवर भरायला लावा, उजेड कसा कमी होत जातो ते त्यांच्या हातांनी कागदावर उतरतं. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स असावा आणि रॅकवर २०० लक्स असं युरोपियन मानक सांगतं. रॅकवरच्या उजेडाबद्दल एक जास्तीची गोष्ट, तिथे उजेड फळीवर पडून उपयोग नाही, पुस्तकाच्या पाठीवर, म्हणजे उभ्या पृष्ठभागावर, अगदी खालच्या कप्प्यापर्यंत पडला पाहिजे. दिवे रॅकच्या बरोबर वर आले की खालचे दोन कप्पे अंधारात जातात आणि तेच कप्पे लहान मुलांचे असतात! दिव्यांची रांग दोन रॅकच्या मधल्या वाटेवर आली पाहिजे, म्हणून रॅकचा प्लॅन आणि दिव्यांचा प्लॅन एकावर एक ठेवून बघायचा. मुलांना दोन ट्रेसिंग पेपर देऊन हेच करायला लावा, दहा-अकरा वर्षांची मुलं आरामात करतात.

इथे दोन खऱ्या इमारती दाखवण्यासारख्या आहेत आणि दोन पुरेत, पन्नास फोटोंचा स्लाइडशो करू नका. एक फिनिश आर्किटेक्ट आल्व्हार आल्टोची व्हीपुरीची लायब्ररी, १९३५ ची, तेव्हा फिनलंडमध्ये होती, आता ते शहर रशियात आहे आणि त्याला व्हिबोर्ग म्हणतात. तिच्या छतात ५७ गोल झरोके आहेत, शंकूसारखे खोल, इतके खोल की तिकडचा उन्हाळ्यातला सूर्य जितका वर चढतो त्या कोनातूनही थेट ऊन खाली येत नाही, फक्त पसरलेला उजेड येतो आणि तो इतक्या ठिकाणांहून येतो की वाचणाऱ्याच्या पानावर त्याच्या स्वतःच्या डोक्याची गडद सावली पडत नाही. ही लायब्ररी मधे कित्येक वर्षं ओस पडली होती, छत गळायचं, आणि तिची दुरुस्ती करायला जवळजवळ वीस वर्षं लागली, २०१३ मध्ये ती पूर्ण झाली, म्हणजे रेनोव्हेशन म्हणून पण ती शिकण्यासारखी आहे. दुसरी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानची, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमीची, १९७१ मध्ये पूर्ण झालेली, आणि ही शाळेची लायब्ररी आहे. तिथे पुस्तकांचे रॅक आत आहेत, उन्हापासून लांब, आणि बाहेरच्या भिंतीला लागून विद्यार्थ्यांच्या एकेकट्याच्या लाकडी बैठका आहेत, प्रत्येकीला स्वतःची छोटी खिडकी आणि तिला सरकवायची लाकडी झडप, हवी तर उघडा नको तर लावा. पुस्तक अंधारातून काढायचं आणि उजेडात जाऊन वाचायचं, एवढ्या एका विचारावर अख्खी इमारत उभी आहे. मुलांना फोटो दाखवून आधीच अर्थ सांगू नका, रॅक आत आणि मुलं बाहेर असं का केलं असेल ते त्यांना विचारा, मुलं सांगतात.

उजेडाइतकाच आवाजही महत्त्वाचा, आणि शाळांच्या लायब्ररीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष आवाजाकडेच होतं. खोली घुमते म्हणून ग्रंथपाल दिवसभर ‘शू शू’ करत राहतात, मुलांना ओरडा बसतो आणि खरा दोष असतो छताचा. इथे मुलांना वॉलेस सॅबिनची हकिकत जरूर सांगा. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवीन लेक्चर हॉल झालं आणि त्यात बोललेलं काही कळेना, एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे कितीतरी शब्द त्यावर चढायचे. सॅबिन तेव्हा २७ वर्षांचा भौतिकशास्त्राचा शिक्षक होता. त्याने रात्री सगळं शांत असताना एक ऑर्गनची नळी वाजवायची, स्टॉपवॉच लावायचं आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा असं सुरू केलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये पसरायच्या, परत मोजायचं, अजून गाद्या, परत मोजायचं, आणि मग गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या. त्यातून जे सूत्र निघालं ते आपण आजही वापरतो: घुमण्याचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ भागिले खोलीचं एकूण शोषण, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तेवढा, या सगळ्यांची बेरीज.

हे सूत्र आठवी-नववीच्या मुलांना पूर्ण करता येतं, आणि तुमच्याच खोलीवर करा. समजा लायब्ररी १० मीटर लांब, ८ रुंद, ३.५ उंच आहे, घनफळ २८०. सगळे पृष्ठभाग मिळून २८६ चौरस मीटर, सगळीकडे प्लास्टर आणि लादी, जी आवाजाचा जेमतेम वीसावा हिस्सा शोषते, म्हणजे एकूण शोषण १४ च्या आसपास आणि घुमण्याचा वेळ तीन सेकंदांच्या वर. आता वर्गाएवढ्या खोलीसाठी अमेरिकन मानक ०.६ सेकंद सांगतं, त्यासाठी शोषण ७५ लागतं, म्हणजे अजून ६० हवं. ते कुठून आणायचं? मुलं म्हणतील कार्पेट, पण पातळ कार्पेट फार थोडं शोषतं आणि तेही वरच्या सुरांचंच. मग छत बघा, ८० चौरस मीटर आहे, त्यावर पाऊण हिस्सा शोषणारं चांगलं मटेरियल लावलं तर बरोबर ६० होतात. म्हणजे जवळजवळ अख्खं छत लागतं, एका भिंतीवर चार रंगीत फोमचे तुकडे चिकटवून काही होणार नाही. भरलेले रॅक आणि माणसं पण शोषतात त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती थोडी बरी असते, पण हा हिशोब स्वतः केलेला मुलगा छताकडे परत कधी नुसतं छत म्हणून बघत नाही. आणि यात एक मोठा व्यावहारिक फायदा आहे, पैसे कमी पडायला लागले की सगळ्यात आधी छताचं काम कापलं जातं, कारण ते फोटोत दिसत नाही. मुलांनी हिशोब करून तो कागद शाळेच्या समितीपुढे ठेवला की ते कापणं अवघड जातं. कामाच्या आधी फुगा फोडून आवाज रेकॉर्ड करून ठेवा, काम झाल्यावर त्याच जागी परत फोडा, दोन्ही रेकॉर्डिंग एकामागे एक ऐकवा.

फर्निचरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण कॅटलॉगमधून बरंच मिळतं. उंची मात्र मुलांच्या मापाने घ्या, युरोपियन मापांत साधारण १.१ ते १.२ मीटर उंचीच्या मुलाला ३१ सेंटिमीटरची खुर्ची आणि ५३ चं टेबल लागतं, मोठ्या मुलाला ४३ आणि ७१, सगळ्यांना एकच खुर्ची दिली तर लहानांचे पाय लोंबकळत राहतात आणि ती पाच मिनिटांत उठतात. लहानांच्या भागात रॅक १.१ ते १.२ मीटरपेक्षा उंच नको. या उंचीचा आणखी एक फायदा आहे, मुलांना लपल्यासारखं वाटणारे कोपरे हवे असतात आणि ग्रंथपालांना सगळीकडे नजर हवी असते, आणि एवढ्या उंचीच्या रॅकमागे बसलेलं मूल स्वतःला पूर्ण एकांतात समजतं तर उभ्या मोठ्या माणसाला ते वरून दिसत असतं. उंच रॅक भिंतीला स्क्रूने बांधलेच पाहिजेत, मुलं चढतात. माळा किंवा जाळीसारखं काही करणार असाल तर साधारण ९ ते २३ सेंटिमीटरमधली फट कुठेही ठेवायची नाही, त्यात डोकं अडकतं, खेळाच्या मैदानांचा हाच नियम आहे.

फळी वाकण्याचा प्रयोग मात्र नक्की करा. एक मीटर पुस्तकांचं वजन सहज वीस-तीस किलो होतं. एक पातळ पट्टी दोन विटांवर ठेवायची, विटा ६० सेंटिमीटरवर, वर ओळीने पुस्तकं, मधोमध किती वाकली ते मोजपट्टीने मोजायचं, मग विटा ९० वर नेऊन मधली वाढलेली जागाही पुस्तकांनी भरायची. अंतर दीडपट झालं म्हणून वाक दीडपट होईल असं सगळ्यांना वाटतं, होतो पाचपट, कारण सगळ्या लांबीवर सारखा भार असेल तर वाक अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. उलट फळीची जाडी १८ मिलिमीटरवरून २५ केली की ताठरपणा अडीच पटीच्या वर जातो, कारण जाडीचा घन लागतो. कपाटाला मधे एक उभी फळी जास्तीची का असते हे मुलांना तिथेच कळतं. आणि मग मोठ्यांना अजून एक पायरी पुढे न्या, अमेरिकन मानकात वर्गखोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला १९५ किलोच्या आसपास भार धरून करतात आणि उंच रॅकची पुस्तकखोली ७३० किलोच्या आसपास, पावणेचार पट. म्हणून वरच्या मजल्यावरचा वर्ग रिकामा आहे म्हणून तिथे लायब्ररी हलवू या असं कोणी म्हटलं की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं, रंगाचं नंतर बघू.

लहान मुलांना प्लॅन समजत नाही, वरून कापलेली खोली त्यांच्यासाठी नुसत्या रेघा असतात. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मॉडेल करा, १:२० स्केलचं, पुठ्ठ्याचं, छत उचलता येणारं, आतले रॅक-टेबलं सुटे. प्रत्येक मुलाने स्वतःची उंची वीसने भागून स्वतःची पुठ्ठ्याची बाहुली कापायची, १३० सेंटिमीटरचं मूल साडेसहा सेंटिमीटरची बाहुली, आणि ती घेऊन मॉडेलमध्ये फिरायचं. मग कुठला रॅक आपल्या डोक्याच्या वर जातो, कुठल्या वाटेतून दोघं जाऊ शकत नाहीत हे ती स्वतःच सांगतात. त्याहूनही चांगलं म्हणजे खऱ्या मापात आखणी, रिकाम्या हॉलमध्ये मास्किंग टेपने अख्खा प्लॅन जमिनीवर काढायचा, खुर्च्यांना रॅक समजायचं, आणि मुलांना सांगायचं आता मधली सुट्टी झालीय, आत या, पुस्तक शोधा, बसा, परत करा, बाहेर पडा. एक जण चाकाच्या खुर्चीवर बसून सगळ्या वाटा फिरेल. ९० सेंटिमीटरची वाट कागदावर ठीक दिसते, तिथे एक मूल खाली बसून पुस्तक बघतंय आणि दुसऱ्याला मागून जायचंय हे टेपवर दिसतं. आर्किटेक्टने त्या वेळी हातात टेप ठेवावा आणि तिथल्या तिथे रेघ उखडून दुसरीकडे लावावी. आपल्या म्हणण्याने रेघ हलली हे बघितलेली मुलं पुढच्या वेळी कितीतरी जास्त विचार करून बोलतात.

प्रेझेंटेशन म्हणाल तर स्लाइडपेक्षा भिंतीवर कागद लावा, मोठे, हाताला लागतील एवढ्या उंचीवर, आणि त्यात सोडून दिलेले पर्याय नक्की लावा, प्रत्येकाखाली एका ओळीत का सोडला ते लिहून. आर्किटेक्ट लोकांना तयार सुंदर चित्र दाखवायची सवय असते, ती इथे बाजूला ठेवायला सांगा. एकट्या आर्किटेक्टनेच बोलावं असंही नाही, सुतार, इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर यांनाही बोलवा. सुतार लाकडाच्या जोडाबद्दल दहा मिनिटं बोलला तर मुलं अर्धा तास प्रश्न विचारतात. आणि मुलांनी दिलेली प्रत्येक सूचना एका तक्त्यावर लिहून तिच्यापुढे काय झालं ते लिहा, घेतली, बदलून घेतली, घेतली नाही आणि का. ‘नाही’ सांगायला घाबरू नका, उत्तरच न देणं जास्त वाईट.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये रॉबिन हूड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने लायब्ररींचं एक मोठं काम केलं, वेगवेगळ्या आर्किटेक्टना वेगवेगळ्या शाळा दिल्या. तिथे अडचण अशी आली की रॅक मुलांच्या हाताला येतील एवढेच उंच आणि जुन्या इमारतींची छतं खूप वर, मधे मोठी रिकामी भिंत राहायची. ग्राफिक डिझायनर मायकल बिरूट यांनी ती जागा म्युरलसाठी, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्रांसाठी वापरली, एका लायब्ररीत तर शाळेतल्याच मुलांचे मोठे मोठे फोटो लावले, नंतर इतर चित्रकारांनी इतर शाळांत आपापल्या पद्धतीने केलं. अशी उरलेली जागा तुमच्याकडेही निघेल, ती मुलांना द्या, तिथे त्यांना पूर्ण मोकळीक देता येते कारण तिथे काही चुकलं तरी कोणाच्या डोक्यावर पडत नाही. मुलांचे चेहरे वापरणार असाल तर पालकांची लेखी परवानगी, आणि आर्किटेक्ट आपल्या प्रसिद्धीसाठी मुलांची चित्रं वापरणार असतील तर त्याचीही.

साइट व्हिजिट एकदा तरी करा पण तोडफोड चालू असताना अजिबात नाही. जुन्या छताच्या शीट्स, जुन्या फरशा, पाइपांवरची वेष्टणं यात अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर घातक ठरणारे तंतू) असू शकतं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, इमारत जुनी असेल तर काम सुरू व्हायच्या आधी तपासणी झालीच पाहिजे आणि तोवर भिंतीला ड्रिलसुद्धा लावायचा नाही, मुलांच्या हौसेने काढलेली पोस्टरंसुद्धा खिळ्याने ठोकायची नाहीत. दाखवायची योग्य वेळ म्हणजे वायरिंग आणि छताचा सांगाडा झालाय आणि वरचं पॅनल अजून लागलेलं नाही. एरवी झाकलं जाणारं सगळं तेव्हा उघडं असतं. त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचं काम बंद ठेवा, छोटे गट करा, हेल्मेट द्या. जमलं तर एका ठिकाणी पॅनलऐवजी काच लावायला सांगा, म्हणजे नंतर येणाऱ्या मुलांनाही भिंतीच्या आत काय आहे ते दिसत राहील.

उद्घाटनानंतर चार-सहा महिन्यांनी आर्किटेक्टला परत बोलवा. तेव्हा भाषण नको, त्यांनी मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून नुसतं बघावं आणि मग मुलांना विचारावं की आम्ही ठरवलं होतं त्यापेक्षा कुठली जागा तुम्ही वेगळी वापरता, लक्स आणि आवाज परत मोजावा, आधीच्या आकड्यांशेजारी लिहावा. ड्रॉइंगचा एक पूर्ण सेट, मुलांच्या मोजमापांसकट, लायब्ररीतच कॅटलॉग नंबर देऊन ठेवा, ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीत, लायब्ररीच्या इमारतींना ७२७.८ आहे, वायर कुठून गेलीय हे शोधायला पुढे कोणाला तरी तो लागणारच.

आणि हे सगळं आर्किटेक्टच्या कामाच्या करारातच लिहून घ्या, मुलांसोबतची प्रत्येक भेट, ती कोणत्या टप्प्यावर, त्याचा वेगळा मोबदला किती. फुकट, आवड म्हणून करू असं ते म्हणतील आणि मनापासून म्हणतील, पण कामाचं वेळापत्रक घसरलं की आवडीच्या गोष्टी आधी रद्द होतात आणि मधल्या भेटी, ज्यांच्यात सगळा जीव आहे, त्याच जातात. करार अजून सही व्हायचा असेल तर याच आठवड्यात त्यांच्याशी बोला.